गाणे चालू असताना

कोणाचे काही बुडवले नाही, कोणास टोचेल असा शब्द काढला नाही, ठरलेले पैसे आगाऊ भरले, आणि तरीही आपल्या हातून काहीतरी गैर घडले अशी रुखरुख मनास लागून राहावी, असा प्रसंग बहुधा प्रत्येकाच्या वाट्यास येत असावा. गेल्या डिसेंबरात कोलकात्यास असताना माझ्या वाट्यास तो आला. प्रसंग म्हटला तर अगदी क्षुल्लक. एक वयस्क गृहस्थ गात होते, आणि त्यांचे गाणे चालू असताना आम्ही नऊजण उठून बाहेर पडलो. एवढेच. तेथे बसलेल्या इतर कोणाच्या ते ध्यानातही आले नसेल.

मी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लिपिक आहे. तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी मला कोलकात्यास पाठवण्यात आले होते. दिवसभर नियमावलीचे पारायण आणि संध्याकाळी परक्या शहरातला रिकामा वेळ, असा आमचा क्रम असे. बरोबरच्या मंडळींत एक मदुराईचे होते, एक लखनौचे, दोघे भुवनेश्वरचे. त्यांपैकी एकाने बातमी आणली, की पार्क स्ट्रीटवरील मद्यगृहांतून एक संगीतफेरी निघते. एक मार्गदर्शक बाई आपल्याला एका संध्याकाळी चार ठिकाणी नेतात, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास बसून तेथले गाणेबजावणे ऐकायचे, एकेक पेय तिकिटातच धरलेले, आणि जाता जाता त्या रस्त्याचा इतिहासही सांगितला जातो.

मी मद्य घेत नाही. आमच्या घरी ‘बार’ हा शब्द उच्चारताना आई आवाज खाली आणीत असे. पुढे २००५ साली महाराष्ट्र सरकारने बारमधील नृत्यावर बंदी घातली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टिकू दिली नाही. मधल्या वादंगात तर हा शब्द मराठी कानांना अधिकच मळका वाटू लागला. परंतु गाण्याचे नाव निघाले, की माझ्याने राहवत नाही. वडील दिल्लीतील गणेशोत्सवाच्या बैठकींना मला मांडीवर घेऊन बसत, तेव्हापासूनचे हे वेड आहे. शिवाय परक्या शहरात मनुष्य थोडा सैल होतो. मी तिकिटाचे पैसे दिले आणि मनाशी ठरवले, की आपण लिंबू-सोडा घेऊ.

पार्क स्ट्रीटचे सरकारी नाव २००४ पासून मदर तेरेसा सरणी असे आहे. सरकारी कागदांवर जगणारा मनुष्य असूनही मी येथे जुनेच नाव वापरतो आहे, कारण त्या रस्त्यावर दुसरे नाव मला कोणाच्याच तोंडी ऐकू आले नाही. नाताळ जवळ आला होता. रस्त्यावर दिव्यांच्या कमानी लागल्या होत्या. आमच्या मार्गदर्शक बाई पंचविशीच्या, हुशार आणि गोड बोलणाऱ्या होत्या. आम्हा सर्वांना त्या ‘दादा’ म्हणत. चालता चालता त्यांनी जे सांगितले ते मनोवेधक होते. ट्रिंकाज हे उपाहारगृह आणि समोरची प्रसिद्ध फ्लूरीज यांचे मूळ १९२७ साली निघालेल्या एकाच चहागृहात होते. १९३९ मध्ये भागीदार वेगळे झाले, १९५९ मध्ये ट्रिंकाजची मालकी बदलली, आणि त्यानंतर तेथे गाणे रुजले. मोकॅम्बो त्याच्या आधीचे, १९५६ चे. तेथे पॅम क्रेन या बाई जॅझ गात. २०१३ मध्ये त्या वारल्या. १९६९ मध्ये उषा अय्यर नावाची एक तरुणी कांजीवरम साडी नेसून ट्रिंकाजमध्ये इंग्रजी गाणी म्हणू लागली, तिलाच आज आपण उषा उथुप म्हणून ओळखतो. ब्ल्यू फॉक्स या ठिकाणी लुई बँक्स पियानो वाजवीत आणि त्यांच्या साथीला सॅक्सोफोनवर ब्राझ गोन्साल्विस असत.

हे शेवटचे नाव ऐकताच मी कान टवकारले. गोन्साल्विस गोव्याचे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत, आणि तेथे शिकलेली पोरे पोटासाठी मुंबई, कोलकाता, लाहोर, रंगून अशी दूरवर जात. मुंबईत १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली, तेव्हा हॉटेलांतील त्यांची कामे कमी झाली आणि अनेकांनी चित्रपटांच्या वाद्यवृंदाचा आश्रय घेतला. हिंदी चित्रपटसंगीतावर ज्यांनी जीव टाकला, त्या आपल्या आईवडिलांच्या पिढीला या मंडळींची नावे क्वचितच ठाऊक होती. दारूचा गुत्ता बंद होतो आणि सिनेमाच्या गाण्यात व्हायोलिनांचा ताफा वाढतो, हा कार्यकारणभाव नीतिशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

पार्क स्ट्रीटची कळा मात्र पुढे उतरली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून शहरात राजकीय अशांतता माजली, उद्योगधंदे बाहेर गेले, वीज तासन्‌ तास जाऊ लागली, करमणूक कराचा बोजा पडला. एकेक वाद्यवृंद मोडला. लुई बँक्स मुंबईस गेले. स्काय रूम नावाचे उपाहारगृह १९९३ मध्ये बंद पडले. त्याची आठवण काढताना जुने कोलकातावासी आजही हळवे होतात. तथापि गाणे त्या रस्त्यावरून समूळ गेले नाही. काही ठिकाणी आजही रात्री कोणीतरी गात असते, आणि ते दाखवण्यासाठीच ही फेरी होती.

आमचे पहिले ठिकाण उजेडाचे आणि कुटुंबवत्सल होते; लोक मुलाबाळांसह जेवत होते आणि एक बाई हिंदी चित्रपटगीते म्हणत होत्या. दुसरे ठिकाण अंधारे. तेथे चार तरुण विजेच्या गिटारी आणि ड्रम घेऊन असा काही कल्लोळ करीत होते, की आमच्या मार्गदर्शक बाईंना इतिहास सांगणे अशक्य झाले. त्या हसल्या आणि गप्प बसल्या. मला त्या संगीतातले ओ की ठो कळत नाही; परंतु मागे वळून पाहता असे वाटते, की त्या संध्याकाळी आम्ही जर कोठे खरोखर ऐकले असेल तर ते तेथेच.

तिसऱ्या ठिकाणाचे नाव सांगण्याचे कारण नाही. लांबट दालन, एका टोकाला वीतभर उंचीचा चौथरा, त्यावर उंच स्टुलावर बसलेले साठीच्या घरातले एक गृहस्थ. हातात गिटार, शेजारी की-बोर्डवर एक पोरगा. आम्हांला चौथऱ्याच्या अगदी पुढ्यातली दोन टेबले जोडून दिली होती. गृहस्थांचा आवाज थकलेला होता पण स्वर जागेवर होता. वरच्या स्वराकडे जाताना ते किंचित थांबत, जिना चढणारा म्हातारा मनुष्य मधल्या पायरीवर थांबतो तसे, आणि मग नेमके तेथे पोहोचत. ते थांबणे मला फार आवडले. एवढ्यात मार्गदर्शक बाई आमच्याकडे झुकल्या आणि दबक्या आवाजात सांगू लागल्या, की याच दालनात एके काळी कसा मोठा वाद्यवृंद असे, नाचासाठी लाकडी जमीन कशी होती, नाताळच्या रात्री जागा मिळवण्यास लोक कशी खटपट करीत. आम्ही आठही जणांनी माना पुढे केल्या. कोणीतरी छायाचित्र काढण्यासाठी वळला, ते भिंतीवरच्या जुन्या छायाचित्राचे. मग बाईंनी घड्याळ पाहिले आणि हाताने खूण केली. खुर्च्या सरकल्या. गृहस्थ गाण्याच्या मध्यावर होते. त्यांनी गाणे न थांबवता आमच्याकडे पाहिले, मान थोडीशी लववली, जणू पाहुण्यांना निरोप द्यावा तशी, आणि नजर दूरच्या दाराकडे वळवली. माझा लिंबू-सोडा अर्धाअधिक तसाच राहिला होता.

त्या नजरेत राग असता तर बरे झाले असते. रागाला उत्तर देता येते. तिच्यात सवय होती.

चौथ्या ठिकाणी काय वाजत होते ते मला आठवत नाही. मी मनाशी वाद घालीत होतो. आपल्याकडे बैठकीचे काही संकेत आहेत. गाणे चालू असता उठू नये. उठायचेच तर दोन चिजांच्या मधे, तंबोरे पुन्हा जुळवले जात असताना उठावे. आणि जमेल तर भैरवी झाल्यावाचून जाऊच नये. वडिलांनी हे मला शब्दांनी कधी सांगितले नाही, माझा हात घट्ट धरून शिकवले. हे संकेत मी त्या रात्री मोडले, म्हणून मला अपराधी वाटते आहे काय? तसे असेल तर त्यात विशेष अर्थ नाही. देवळाचे नियम बाजारात लावून कसे चालेल? बारमध्ये लोक येतात ते खाण्यापिण्यासाठी आणि मित्रांशी बोलण्यासाठी. गाणे तेथे पार्श्वभूमीला असते आणि गाणाऱ्यास ते ठाऊक असते. शिवाय आपणही काही सोवळ्यात नाही. पुण्यात १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात मंडपाच्या कडेला खाद्यपदार्थांची दुकाने असतात आणि वर ख्याल चालू असताना रसिकजन बटाटेवडा खाण्यास उठतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एवढेच काय, त्यांतला एक मी होतो.

मग त्या प्रसंगात वेगळे काय होते? दुसऱ्या ठिकाणाहूनही आम्ही गाणे अर्धवट टाकूनच उठलो होतो, आणि तेव्हा मनास काही लागले नव्हते. त्या गर्दीत आम्ही गेलेले कोणास दिसले नाही, आणि येथे मात्र गाणाऱ्याने पाहिले, हे एक उत्तर आहे. परंतु ते मला पुरेसे वाटत नाही. गैर कृत्य कोणी पाहिले तरच गैर ठरते असे म्हटले, तर आमच्या कार्यालयातील दप्तराच्या खोलीत काहीच गैर घडत नाही असे म्हणावे लागेल. समजा, ते गृहस्थ डोळे मिटून गाणारे असते. मग त्यांस दुःख झाले नसते. परंतु मी जे केले ते बदलले असते काय?

विचार करता करता एक गोष्ट ध्यानात आली, की उठण्यात फारसे काही नव्हते. जे घडायचे ते उठण्याच्या आधी, बसलेलो असतानाच घडले होते. जिवंत मनुष्य चार हातांवर गात असताना आम्ही त्याच्या आधीच्या गाणाऱ्यांच्या कथा ऐकत होतो. १९६९ सालचे गाणे ज्यांना ऐकण्यास मिळाले त्यांचा आम्हांला हेवा वाटत होता, आणि आपण ज्या सालात बसलो आहो त्या सालचे गाणे आमच्या कानांवरून वाहून जात होते. त्या गृहस्थांकडे आम्ही पाहिले, पण जुन्या वाड्याच्या खिडकीकडे पाहावे तसे. खिडकीतून पलीकडचे दिसावे एवढ्यापुरतेच. १९६९ मध्येही त्याच रस्त्यावर असे कोणी बसले असेल, ज्याने समोरच्या गाण्याकडे पाठ करून त्याआधीच्या साहेबी अमदानीच्या गोष्टी सांगितल्या असतील. इतिहासाविषयी आदर बाळगणे ही चांगली गोष्ट आहे, परंतु त्या आदराचे मोल दुसऱ्या कोणास द्यावे लागते आहे काय, हे पाहण्याची आम्हांस सवय नाही.

आणखी एक प्रश्न मला छळत होता, तो माझ्या लिंबू-सोड्याचा. त्याची किंमत कार्डावर वाचून मला माझा दैनिक भत्ता आठवला होता, हे खरे. तरीही दारूच्या मानाने ती थोडीच. म्हणजे ज्या दालनात ते गृहस्थ गात होते, त्याचे भाडे, विजेचे बिल आणि त्यांचे मानधन मुख्यतः पिणाऱ्यांच्या पैशातून निघत होते. मी न पिणारा, म्हणून मनातल्या मनात थोडा उंचावर बसलो होतो, आणि ऐकत मात्र होतो त्यांच्याच खर्चाने. अशा फुकट्या पावित्र्याला काय म्हणावे? कोणी म्हणेल, की दारूच्या पैशावर पोसलेले संगीतच नको. परंतु मग कोणत्या पैशावर पोसलेले हवे? संस्थानिकांनी गवयांना जे आश्रय दिले ते शेतसाऱ्यातून, आणि तो सारा दुष्काळात कसा वसूल होई हे आपण जाणतो. आकाशवाणीने पगार दिले ते करांतून. आपल्या राज्यघटनेचे ४७ वे कलम मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगते. त्याच घटनेने पिण्याच्या दारूवरील उत्पादनशुल्क राज्यांच्या हाती ठेवले, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा दारूला त्याच्या बाहेरच राहू दिले, कारण ते उत्पन्न सोडण्यास राज्ये तयार नव्हती. घटनाही जेथे एका हाताने नको म्हणते आणि दुसऱ्या हाताने घेते, तेथे माझ्यासारख्या लिपिकाने लिंबू-सोड्याचा फार अभिमान बाळगू नये हे बरे. मी त्यानंतरही पिऊ लागलो नाही. परंतु न पिण्याने आपले काही देणे फिटते, ही समजूत गेली.

देण्याचा विचार आला म्हणून येथे एक कबुली देतो. माझ्या कामाचा काही भाग खिडकीवरचा आहे. निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी लोक येतात. काही महिन्यांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ आले होते. त्यांचा कागद कोठे अडला आहे ते मला त्यांनी तोंड उघडण्याआधीच ठाऊक होते. ते आपली हकीकत सांगत होते, पत्नीच्या आजारापासून सुरुवात करून, क्रमाने, एकही तारीख न चुकवता; बहुधा घरी उजळणी करून आले असावेत. मी मान खाली घालून दुसऱ्या नस्तीवर आद्याक्षरे करीत होतो, आणि त्यांचे वाक्य अर्धे असतानाच मी म्हणालो, “तीन नंबरचा अर्ज भरा, पुढच्या मंगळवारी या.” उत्तर बरोबर होते. त्यांचे काम त्या मंगळवारी झालेही. ते “ठीक आहे साहेब” म्हणाले आणि त्यांनीही मान अशीच थोडीशी लववली होती. पार्क स्ट्रीटवरून परतताना मेट्रोच्या डब्यात मला त्यांची आठवण झाली. त्यापूर्वी एकदाही झाली नव्हती.

प्रशिक्षण संपण्याच्या दोन दिवस आधी मी त्या तिसऱ्या ठिकाणी एकटाच गेलो. मनात थोडी प्रायश्चित्ताची भावना होती, हे कबूल केले पाहिजे, आणि तिच्यात थोडा डौलही होता. भिंतीकडेचे टेबल घेऊन मी सोडा मागवला आणि आठपासून साडेदहापर्यंत हललो नाही. प्रत्येक गाण्यानंतर टाळ्या वाजवल्या. बहुतेक वेळा मी एकटाच वाजवीत होतो, त्यामुळे लोक वळून पाहत. मधल्या सुटीत ते गृहस्थ चौथऱ्यावरून उतरले आणि पाणी पीत माझ्या टेबलापाशी थांबले. त्या भागात त्यांना सारे ‘अंकल’ म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणून माझी हकीकत सांगितली: त्या दिवशी आम्ही नऊजण मध्येच उठलो, मला वाईट वाटले, क्षमा मागण्यास आलो आहे.

त्यांना आमचा घोळका आठवत नव्हता. ते मोठ्याने हसले. मग हिंदी-इंग्रजीची सरमिसळ करीत त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा: तुमच्यासारखे घोळके आठवड्यातून दोनदा येतात, नऊ लोक म्हणजे नऊ पेये, आणि मालक ती मोजतो. ती फेरी सुरू झाल्यापासून गुरुवारचे गाणे पुन्हा सुरू झाले. मधे ते बंद होते. तुम्ही आज अडीच तास एका सोड्यावर चौघांचे टेबल अडवून बसला आहात, आणि तो वाढपी माझ्याकडे डोळे वटारतो आहे.

मी खजील होऊन तत्काळ काहीतरी खाण्यास मागवले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जाता जाता म्हणाले, की उठायचे असेल तर खुशाल उठत जा. फक्त खुर्ची उचलून मागे घ्या, ओढू नका. खुर्चीचा आवाज ध्वनिक्षेपकात येतो आणि शेजारचा पोरगा ताल चुकतो.

एवढीच त्यांची तक्रार होती. माझे अपराधाचे ओझे जितके मोठे होते त्या मानाने ही मागणी इतकी लहान निघाली, की मला थोडी निराशाच वाटली. नंतर वाटले, की त्यांनी मला हसण्यावारी नेले असेल. चाळीस वर्षे ज्याच्याकडे लोकांनी पाठ केली तो मनुष्य एका अनोळखी लिपिकापुढे आपले अंतरंग कशाला उघडील? आणि कदाचित तसेही नसेल. कदाचित त्यांना खुर्चीच्या आवाजाचाच खरोखर त्रास होत असेल, आणि मी त्यांच्यावर माझे दुःख लादले असेल. दोन्ही शक्यता मी अजून तोलतो आहे. फेरीमुळे त्यांचा गुरुवार परत मिळाला हे तर खरेच, आणि आम्ही त्यांना ऐकले नाही हेही खरे; पहिल्या गोष्टीने दुसरीची भरपाई होते असे मला म्हणवत नाही.

दिल्लीस परतल्यावर त्या मार्गदर्शक बाईंकडून अभिप्रायाचा एक नमुना मोबाइलवर आला. नमुने भरण्याचे माझे आयुष्य. तरीही हा भरण्यास दोन दिवस लागले. तारे पाचपैकी पाच दिले, कारण त्यांच्या कामात उणे काढण्यासारखे काही नव्हते. खाली ‘सुधारणा सुचवा’ असा एक रकाना होता. त्यात मी लिहिले, की इतिहास रस्त्यावर चालताना सांगावा, आत गेल्यावर सांगू नये. उठण्याची खूण घड्याळाऐवजी टाळ्यांवर करावी. आणि खुर्च्या उचलून मागे घेण्यास सर्वांना आधीच सांगावे.

चौथ्या दिवशी त्यांचे उत्तर आले. खुर्च्यांचे त्या नक्की सांगतील. इतिहास बाहेर सांगण्याचे मे-जूनमध्ये जमणार नाही, उकाडा फार असतो. हिवाळ्यात करून पाहतील. आणि टाळ्यांचे अवघड आहे, दादा, असे त्यांनी लिहिले होते; पुढच्या ठिकाणी टेबल अर्ध्या तासाच्या हिशोबाने राखलेले असते, आणि कोणते गाणे किती लांबेल हे गाणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही.